'नको' म्हटल्यावर



निकाल, स्नेहसंमेलन, एस.एस.एल.सी.ची तयारी हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या अंकात आम्ही जरा अवघड विषयावर लिहीत आहोत. वर्गातल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने नकोसा हात लावला तर काय करावे, हा तो विषय. पालक सभेत हा विषय निघाला की सभेचे ताबडतोब दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "लहान मुलं आहेत हो, मस्ती चालायचीच." दुसरा म्हणतो, "त्या पोराला टी.सी. देऊन घरी पाठवा." आणि या दोघांच्या मधून एक समजूतदार सूचना हमखास येते. "मुलींना चांगल्या शब्दांत, आदराने 'नको' म्हणायला शिकवा, म्हणजे भांडण वाढणार नाही." पहिल्या दोन मतांना उत्तर देणे सोपे आहे. ही तिसरी सूचना मात्र ऐकायला इतकी गोड आहे की तिच्यावरच जास्त लिहावे लागणार.

आधी शाळेत घडते काय ते पाहू. एका बाकावर तिघे बसतात, तिथे दिवसभरात शंभर वेळा कोपराला कोपर लागते. पहिलीतले मूल कुणाच्याही गळ्यात पडते, त्याला आपला-परका हा भेद अजून कळलेला नसतो. मधल्या सुट्टीत पाठीत धपाटा घालून पळून जाणे ही तर पोरांची 'राम राम' म्हणण्याची रीत. यातले बहुतेक स्पर्श निरागस असतात आणि ते बंद करावेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या शाळेत मुले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरत नाहीत ती शाळा आम्हाला तुरुंगासारखी वाटेल. पण याच गर्दीत दुसरेही काही घडत असते. मागच्या बाकावरून वेणी ओढली जाते, ती एकदा नाही, रोज. जिन्यावर मुद्दाम अंग घासून जाणारा असतो. हात धरून ठेवायचा, सोडायचाच नाही, आणि बाकीच्यांनी हसायचे. सहावी-सातवीच्या पोरांत एखाद्या बुजऱ्या मुलाची चड्डी ओढण्याचा खेळ असतो. त्याला आम्ही खेळ म्हणायला तयार नाही, पण पोरे तसेच म्हणतात.

बसमधली गोष्ट आणखी वेगळी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमधून महिलांना आणि मुलींना मोफत प्रवास सुरू झाला. आसपासच्या खेड्यांतून अळणावरला शिकायला येणाऱ्या मुलींची त्यामुळे फार मोठी सोय झाली. ज्या घरात मुलीच्या पासचे पैसे आधी वाचवले जायचे तिथली मुलगी आता शाळेत दिसते. पण सकाळची बस खचाखच भरलेली असते आणि त्या गर्दीत कोणाचा हात चुकून लागला आणि कोणाचा लावला, हे फक्त त्या मुलीलाच कळते. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीलाही कळत नाही. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. स्पर्श कसा होता याचा साक्षीदार बहुतेक वेळा एकच असतो आणि तो म्हणजे ज्याला स्पर्श झाला तो.

खेळाच्या तासाला आम्ही मुलांना एक गोष्ट दाखवतो. खो-खोत खो देताना बसलेल्या गड्याच्या मागून, पाठीलाच हात लावायचा आणि हात लावताना मोठ्याने 'खो' म्हणायचे. नुसता हात लावला आणि शब्द उच्चारला नाही तर तो खो नव्हे, पंच शिट्टी वाजवतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पाच-सात जण मिळून खाली पाडतात, पण त्याचे केस किंवा कपडे धरून ओढले तर ते नियमाबाहेर. म्हणजे जो खेळ सगळा अंगाला अंग भिडवूनच खेळायचा, त्या खेळातही कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे ठरलेले आहे. आणि शिट्टी वाजली की पकड सुटते, धरणाऱ्याने कितीही मोठा डाव साधला असला तरी. मैदानावर हे ज्या पोराला बरोब्बर समजते, त्याला वर्गात समजत नाही असे आम्ही मानत नाही.

आता त्या 'आदराने सांगा' या सूचनेकडे वळू. वर्गमित्र वर्गमित्राशी अरे-तुरे करतो. पेन्सिल मागताना तो 'कृपया' म्हणत नाही. मग अंगावरचा हात काढायला सांगतानाच त्याने किंवा तिने गोड का बोलावे? "प्लीज, मला जरा आवडत नाही रे, तुला वाईट वाटणार नसेल तर..." असे वाक्य जी मुलगी शिकेल ती ते वाक्य पूर्ण होईपर्यंत तो हात सहन करील. आणि दुसरे असे की, उद्या ती तक्रार घेऊन आली तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल, "तू नीट सांगितलं होतंस का?" म्हणजे चूक हात लावणाऱ्याची आणि परीक्षा 'नको' म्हणणाऱ्याच्या भाषेची. हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या मते मुलांना दोन-तीन शब्दांचे छोटे वाक्य शिकवावे. "हात काढ." "मला आवडत नाही." "लांब हो." आमच्या गावात एकाच बाकावर तीन-चार भाषा बसतात, त्यामुळे हे शब्द सगळ्या भाषांतले यावेत. कन्नडमध्ये 'ब्याड', हिंदी-उर्दूत 'मत छुओ', कोकणीत 'नाका'. (आमची पदवी हिंदी माध्यमातली, त्यामुळे रागावलो की आमच्याही तोंडून आधी हिंदीच बाहेर पडते, हे विद्यार्थ्यांना चांगलेच ठाऊक आहे.) शब्द कोणत्याही भाषेतला असो, तो मोठ्याने यावा, समोरच्याचे नाव घेऊन यावा, आणि कारण देण्याची गरज नाही. "माझं डोकं दुखतंय", "माझी आई रागावेल" अशी कारणे मुले भिडेपोटी देतात. मग समोरचा म्हणतो, "उद्या तर नाही ना दुखणार?" 'नको' या शब्दाला पुढे शेपूट लागत नाही.

मग आदर कुठे आला? तो आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. "हात काढ" हे वाक्य हाताविषयी आहे. "तुझ्यासारख्यांची हात लावायची लायकी नाही" हे वाक्य माणसाविषयी आहे, त्याच्या जातीविषयी, घराविषयी, कपड्यांविषयी आहे. पहिले वाक्य कितीही कडक आवाजात म्हटले तरी आम्ही त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पाठीशी उभे राहू. दुसरे वाक्य कितीही हळू आवाजात म्हटले तरी आम्ही ते चालवून घेणार नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते आवश्यक आहे. आपल्या भाषेत 'शिवू नको' या शब्दांना फार वाईट इतिहास आहे. पिढ्यान् पिढ्या हे शब्द वरच्याने खालच्याला ऐकवले, पाणवठ्यावर ऐकवले, देवळाच्या पायरीवर ऐकवले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे पाणी प्यायली ती हे शब्द मोडून काढण्यासाठीच. पुढे संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली. म्हणून एखादे मूल "मी याच्या शेजारी बसणार नाही, याच्या हातचा डबा घेणार नाही" असे म्हणाले, तर ते नकोशा स्पर्शाचे प्रकरण नव्हे. ती जुनीच घाण आहे, आणि तिथे आम्ही जागा बदलून देत नाही. उलट एखादी मुलगी "हा मला रोज पाठीवर हात लावतो, मला नको" असे म्हणते तेव्हा ती स्वतःच्या अंगाविषयी बोलते, समोरच्याच्या कुळाविषयी नाही. शिक्षकाला हे दोन नकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. बाहेरून ते कधी कधी सारखे दिसतात, म्हणून एवढे लिहिले.

धक्का देऊन सुटणे योग्य की अयोग्य, असेही पालक विचारतात. तोंडाने सांगून हात निघत नसेल तर हिसडा देऊन, ढकलून स्वतःला सोडवून घेण्यात आम्हाला काहीच गैर वाटत नाही. अहिंसेसाठी आयुष्य वेचलेल्या गांधीजींनीसुद्धा १९४२ साली 'हरिजन'मध्ये लिहिले की, अंगावर हल्ला झालेल्या स्त्रीने त्या क्षणी हिंसा-अहिंसेचा विचार करत बसू नये, देवाने तिला नखे आणि दात दिले आहेत. मात्र सुटका झाल्यावर चार मैत्रिणी जमवून दुसऱ्या दिवशी त्याला गाठून मारणे ही सुटका नव्हे. तो हिशोब चुकवणे झाले, आणि हिशोबासाठी शाळेत मोठी माणसे आहेत.

आमच्या भागात होळी-रंगपंचमीचा रंग जोरात असतो. हुबळीला जग्गलगी वाजते, कामण्णा-रतीच्या मूर्ती बसतात, आणि रंगाच्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तो सण आम्हालाही आवडतो. पण त्या दिवसाचे एक हिंदी वाक्य आता मराठी आणि कन्नड पोरांच्या तोंडीही बसले आहे, "बुरा न मानो, होली है." हिंदी शिकलेल्या माणसाच्या नात्याने आम्हाला या वाक्याचा थोडा रागच येतो. त्यात सूचना कोणाला आहे ते पाहा. ज्याला रंग लावायचा त्याला आधीच बजावले आहे की वाईट वाटून घेऊ नकोस. जो लावतो आहे, त्याला कोणी काही सांगत नाही. वर्षभर वर्गात जे "मस्ती केली हो, तिने मनावर घेतलं" म्हणून ऐकू येते, ते याच वाक्याचे भावंड आहे.

'किती स्पर्श म्हणजे स्पर्श' हा प्रश्न फक्त शाळेत पडतो असे नाही, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नागपुरात १२ वर्षांच्या एका मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेऊन ३९ वर्षांच्या माणसाने तिच्या अंगाला हात घातला. सत्र न्यायालयाने त्याला बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, म्हणजे 'पॉक्सो'खाली, तीन वर्षांची शिक्षा दिली. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फिरवली. कारण असे दिले की हात कपड्यांवरून लागला होता, त्वचेला त्वचा लागली नव्हती, म्हणून हा पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नव्हे. विनयभंगाची एक वर्षाची शिक्षा तेवढी राहिली. तेव्हाचे भारताचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन सांगितले की, असा अर्थ लावला तर उद्या हातमोजे घालून हात लावणारा सुटेल. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली. त्वचेला त्वचा लागली की नाही हे महत्त्वाचे नाही, हात लावण्यामागचा हेतू महत्त्वाचा, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हे प्रकरण एका मोठ्या माणसाचे होते, वर्गमित्राचे नव्हते, याची आम्हाला जाणीव आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हेतूला आणि एकोणचाळीस वर्षांच्या माणसाच्या हेतूला एकाच तराजूत घालता येणार नाही. पण "अहो, नुसता कपड्यावरून तर हात लागला" हे वाक्य शाळेतही ऐकू येते, आणि त्याला उत्तर देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने दिलेले आहे, एवढेच सांगायचे आहे.

या विषयावर बोलताना सगळे 'मुली, मुली' म्हणतात. आम्हीही वर बहुतेक उदाहरणे मुलींचीच दिली. परंतु २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. आणि ज्यांना त्रास झाला त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. आपल्या डोक्यातल्या चित्रापेक्षा हे चित्र अगदी वेगळे आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, तो अठरा वर्षांखालच्या सर्वांचा आहे. पण घरात भेद होतो. मुलीने सांगितले तर आई काळजीत पडते. मुलाने सांगितले तर बाप म्हणतो, "अरे, तू काय बायकांसारखा रडतोस, दोन ठेवून द्यायच्या होत्यास." तो मुलगा पुन्हा कधी काही सांगायला येत नाही. चड्डी ओढलेला मुलगा सगळ्यांबरोबर हसतो, कारण न हसला तर उद्या पुन्हा ओढतील. त्याच्या हसण्यावर शिक्षकाने जाऊ नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले प्रकरण झाले. तिथे आरोप शाळेतल्या कर्मचाऱ्यावर होता आणि मुली अवघ्या चार वर्षांच्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या सुनावणीत न्यायमूर्तींनी 'सातच्या आत घरात' या मराठी चित्रपटाच्या नावाची आठवण काढून विचारले की, हे फक्त मुलींनाच का, मुलांना का नाही? बरे-वाईट मुलांनाही शिकवा, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला ते फार पटले. 'गुड टच, बॅड टच'चा तास आता बहुतेक शाळांत होतो. परंतु त्या तासात प्रत्येक मूल स्वतःला हात लागणारे मूल म्हणूनच बघते. आपलाही हात कोणाला नकोसा वाटू शकतो, हे त्या तासात शिकवले जात नाही. आम्ही आता दोन्ही बाजू शिकवतो. 'बॅड' हा शब्दही आम्ही कमी केला आहे, 'नकोसा स्पर्श' म्हणतो. लहान मुलाला 'बॅड' म्हटले की आपणच काही बॅड केले असे वाटते आणि ते गप्प बसते.

आता मोठ्यांविषयी, कारण खरा आदर दाखवण्याची पाळी आमच्यावर येते. तक्रार आली की जुन्या काळचे शिक्षक दोघांना समोरासमोर उभे करत, "सॉरी म्हण, आता हात मिळवा, दोस्ती करा" असे सांगत, आणि प्रकरण पाच मिनिटांत संपे. काही ठिकाणी तर मुलीकडून त्या मुलाला राखी बांधून घेत, झाला भाऊ! यामागे वाईट बुद्धी नव्हती. पण ज्या हाताबद्दल तक्रार, तोच हात पुन्हा हातात घ्यायला लावायचा आणि वर त्याला धागा बांधायचा, यात तक्रार करणाऱ्याला शिक्षा झाली की करवून घेणाऱ्याला समाधान मिळाले?

आणि हा प्रकार फक्त शाळांतलाच नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ३० जुलै २०२० रोजी एका माणसाला जामीन दिला. शेजारच्या घरात रात्री शिरून त्याने बाईचा हात धरला, असा आरोप होता. जामिनाची अट अशी की रक्षाबंधनाच्या दिवशी पत्नीसह मिठाईचा डबा घेऊन त्याने तक्रारदार बाईच्या घरी जावे, तिला राखी बांधण्याची विनंती करावी, ओवाळणी म्हणून ११ हजार रुपये द्यावेत, शिवाय तिच्या मुलाला कपडे आणि मिठाईसाठी ५ हजार. काही महिला वकील या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली. छेड काढणाऱ्याला न्यायालयाच्या हुकुमाने भाऊ बनवणे अजिबात मान्य नाही, असा त्या निकालाचा आशय आहे, आणि अशा प्रकरणांत आरोपी आणि तक्रारदार यांची गाठ पडेल अशा अटी घालू नयेत असेही त्यात बजावले आहे. उच्च न्यायालयाच्या खुर्चीवरून जे सुचू शकते ते स्टाफरूममध्ये सुचले तर नवल नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने जे थांबवले ते स्टाफरूमनेही थांबवावे.

म्हणून आमच्याकडे दोघांना वेगवेगळे बोलावले जाते. आधी सांगणाऱ्याचे ऐकायचे, मध्ये न बोलता, एकदाच. पाच शिक्षकांपुढे पाच वेळा वदवून घ्यायचे नाही. जागा बदलायची असेल तर ज्याने हात लावला त्याची बदलायची. (हे सर्वात जास्त विसरले जाते. बिचारी तक्रार करणारी मुलगीच दुसऱ्या तुकडीत पाठवली जाते, तिच्या सगळ्या मैत्रिणींपासून तोडून.) मग दुसऱ्याला बोलवायचे. त्याला "तू असा कसा?" असे विचारून उपयोग नाही, कोणत्याही मुलाला त्याचे उत्तर येत नाही. "तू काय केलंस? ती काय म्हणाली? ती म्हणाल्यावर तू काय केलंस?" एवढेच विचारायचे. बहुतेक मुले तिसऱ्या प्रश्नाला खाली बघतात. प्रार्थनेच्या वेळी रांगेपुढे उभे करणे, फलकावर नाव लिहिणे हे आम्ही करत नाही. काही पालकांना हा आमचा मऊपणा वाटतो. पण ज्याची सगळ्या शाळेपुढे लाज काढली, तो शरमेचा सगळा राग त्या मुलीवर काढतो, बसमध्ये, गल्लीत, जिथे आम्ही नसतो तिथे.

टी.सी.चा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि त्याच कायद्याने मुलाला मारण्यावर व मानसिक छळावरही बंदी आहे. म्हणजे ते मूल शाळेतच राहणार आहे आणि छडीशिवाय सुधारायचे आहे. ते काम आमचे आहे, आम्हाला ते टाळायचेही नाही. त्या मुलाचे आईवडीलही याच पालक सभेत बसलेले असतात आणि पुढच्या वर्षी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूलाही असू शकतात.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींना, म्हणजे "शाळेतच मिटवा, गावात बोभाटा नको" म्हणणाऱ्यांना सांगायचे ते असे. वेणी ओढणे शाळेत मिटवता येते. पण जिथे लैंगिक त्रासाची शंका आहे तिथे ते मिटवण्याचा अधिकार प्रिन्सिपॉलला नाही, शाळेच्या कमिटीलाही नाही. पॉक्सोच्या १९व्या कलमाप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा संस्थेतल्या हाताखालच्या माणसाचा असेल तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलाने स्वतः सांगितले नाही म्हणून मुलाला मात्र शिक्षा नाही.

पोलीस म्हटले की पालक घाबरतात, ते आम्ही समजू शकतो. परंतु याच कायद्यात लिहिले आहे की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, पोलिसाने गणवेशात येऊ नये, शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. आरोप ज्याच्यावर आहे तोही अठराच्या आतला असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. ज्यांना थेट ठाण्यात जायचे नाही त्यांनी १०९८ फिरवावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही मुलांसाठीची फोन सेवा आता सरकार चालवते. हा फोन मूल स्वतःही करू शकते, पैसे पडत नाहीत.

घरच्यांकडे आमचे एकच मागणे आहे, तेही अवघड आहे. पाहुणे आले की मुलाला पुढे ढकलून "जा, मावशीला पापी दे" म्हणायचे, गालगुच्चा घेताना ते अंग चोरू लागले की "किती लाजतोय बघा" म्हणून हसायचे, हे थांबवावे. मोठ्यांना नमस्कार करायला अवश्य शिकवावे, पाया पडायलाही शिकवावे, त्यात मूल स्वतः वाकते. मिठी मारायची की नाही हे मात्र त्याला ठरवू द्यावे. घरी ज्याच्या 'नको'ला सगळे हसतात ते मूल शाळेत 'नको' म्हणेल कसे, आणि दुसऱ्याचे ऐकेल तरी कसे?

आणखी एक. अशा प्रकरणानंतर आम्हाला रात्री फोन येतात, "सर्व कळलं, पण नाव काय त्या मुलाचं? आणि मुलगी कुठल्या घरातली?" हे आम्ही सांगणार नाही, कितीही ओळखीचे असाल तरी. अशा मुलांची ओळख उघड करण्याला कायद्यानेच मनाई आहे.

उलट माहिती आमच्याकडे येण्याचे रस्ते आम्ही वाढवले आहेत. आमच्या केबिनच्या दारात मुले सहसा येत नाहीत. दुपारच्या बिसियूटाच्या वेळी भात वाढणाऱ्या अक्कांना मात्र ती सगळे सांगतात, ताटात सांबार पडेपर्यंतच्या तेवढ्या वेळात. या वर्षापासून आम्ही सगळ्या अक्कांना, शिपाईमामांना आणि बागकाम करणाऱ्या मावशींना बसवून हे सगळे समजावले आहे. त्यांनी ऐकलेले त्याच दिवशी वर्गशिक्षिकेकडे किंवा आमच्याकडे पोचवायचे, मुलाला "कोणाला सांगू नकोस" असे म्हणायचे नाही. पुढच्या पालक सभेला त्याही आपल्यासोबत बसणार आहेत, खुर्चीवर, पहिल्या रांगेत.